ज्यात ‘प्लॉट’ हा शब्द असेल

निखाड्यांची समीक्षा म्हणाली, काका, सोपं आहे,
नियम एकदा करून द्यायचा, मग तो आपला पाळत बसतो.
ज्यात ‘प्लॉट’ हा शब्द असेल
ते समोर येऊच द्यायचं नाही.

मे महिन्यातली दुपार, कूलरचा वाळा वाळत आलेला,
आणि सकाळपासून एकोणतीस जण मला
मिहानपासून दहा मिनिटांवर जमीन विकत होते.
बेसा दहा मिनिटं, बुटीबोरी दहा मिनिटं,
एकानं तर उमरेडसुद्धा दहाच मिनिटांवर आणून ठेवलेलं.
मग गुडघ्यांचं तेल.
मग कर्ज, न मागता मंजूर झालेलं.
मग कुणी एक बाई, नाव नुसतंच लिसा,
जिला माझ्याशी एकांतात बोलायचं होतं.
समीक्षानं ती माझ्याआधी वाचली आणि पुसली.

मला हे काम नवीन नाही.
एकतीस वर्षं आरएमएसमध्ये काढली,
रात्रपाळी, नागपूर स्टेशनाच्या टोकाची खोली,
समोर खण: काटोल, नरखेड, सावनेर, रामटेक, तुमसर.
हावडा मेल यायच्या आत पिशव्या बांधून तयार.
हाताला खण पाठ, डोळे अर्धे झोपेत.
पण आम्ही पत्र वाचायचो नाही.
पत्ता पाहायचा, टाकायचं.
हे यंत्र आधी वाचतं, मग टाकतं.
आमच्या साहेबानं याला सस्पेंड केलं असतं.

तरी गोडी लागली.
ज्यात ‘अभिनंदन’ असेल, कचरा.
ज्यात ‘शेवटची संधी’, कचरा.
‘प्रिय ग्राहक’, ‘फक्त आजच’, ‘आपण निवडले गेला आहात’
आणि एका रात्री, समीक्षा नसताना, एकट्यानंच
ज्यात ‘हेडाऊ’.

गंगाधर हेडाऊ. माझ्या डावीकडचे खण त्याचे, एकोणीस वर्षं.
रिटायर झाल्यापासून रोज चार मेल:
पेन्शनच्या थकबाकीचा तक्ता,
कारल्याच्या रसाचे फायदे, गुलाब, सूर्योदय,
उगाच एखादा फोटो अंगणातल्या कढीपत्त्याचा.
पुसायला जीव होईना. म्हणून नियम:
समोर येऊ नये,
बाजूला कुठंतरी पडून राहावं,
वाचलेलं समजावं.

वाचलेलं समजावं.
असा पर्याय खरंच आहे तिथं. नुसती खूण करायची.

संक्रांतीला केलेला नियम. काल चुकून बोट लागलं, खण उघडला.
तीनशे अकरा.
सगळे वाचलेले, मी एकही न वाचलेला.
तक्ता, गुलाब, तक्ता, कारलं.
मार्चपासून गुलाब कमी होत गेले.
मग नुसत्या ओळी:
‘हात थरथरून राहिला बाप्पा, टाइप होत नाही.’
‘शनिवारी मेडिकलला दाखवतो. तू येतो का.’
‘राहू दे. जाऊन आलो.’

स्कूटर काढली. पंचेचाळीस पारा, तोंडाला दुपट्टा,
मानेवाडा रोडवर डांबर चाकाला धरत होतं.
हेडाऊ दारातच होता, पाइपनं कूलर भरत,
डाव्या हातानं उजवा हात धरून.
काऊन बे, म्हणाला, एवढ्या उन्हाचं? मेल टाकायचा ना.
टाकला होता, मी खोटं बोललो.
टाकला असंन, तो म्हणाला.
पोरानं काहीतरी करून ठेवलं माह्या कम्प्युटरात,
तुह्ये सगळे भलतीकडेच जाऊन राहिले.

खरं बोलत होता की मला पकडलं होतं,
मला कळलं नाही.
एकोणीस वर्षं शेजारी उभा होतो,
आणि हा चेहरा, इतक्या जवळून,
मी कधी वाचायचाच नाही असा नियम असल्यासारखा.

कूलर भरून पाणी पायऱ्यांवर आलं.
पाइप दे, म्हटलं.
त्यानं दिला नाही लगेच.